गुपित कोणाच्या मालकीचे?

हंसल मेहता यांच्या 'अलीगढ' या हिंदी चित्रपटाची सुरुवात रस्त्यावर होते. हिवाळ्याची रात्र आहे, धुके आहे. एक सायकलरिक्षा एका घरासमोर येऊन थांबते आणि दोन माणसे आत जातात. वरच्या खिडकीत दिवा दिसतो. काही वेळाने आणखी दोघे येतात, वर जातात, आणि आत काहीतरी अनिष्ट घडत आहे एवढेच आपल्याला बाहेरून उमगते. दिग्दर्शकाचा कॅमेरा रस्त्यावरच थांबलेला असतो. मागून आलेल्या त्या दोघांच्या हाती असलेला कॅमेरा मात्र थेट शयनगृहात शिरलेला असतो. एक कॅमेरा उंबऱ्याबाहेर थांबणारा, दुसरा उंबरा तुडवून आत जाणारा. चित्रपटाला जे म्हणायचे आहे त्यातील निम्मे त्याने येथेच म्हणून टाकले आहे, आणि तेही एकाही संवादावाचून.

ज्यांच्या घरात हा दुसरा कॅमेरा शिरला ते प्राध्यापक आपल्या विदर्भाचे होते. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचा जन्म १९४८ साली नागपुरात झाला. शिक्षण नागपूर विद्यापीठात. मराठीत पीएच.डी. मिळवून १९८८ पासून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत होते. आमच्या शेंदूरजनाघाटाहून संत्री भरून निघालेली गाडी काही तासांत ज्या शहरात पोहोचते, त्या शहरातला एक माणूस उत्तरेकडील परक्या मुलखात बावीस वर्षे आपली भाषा शिकवीत राहिला. तो कवीही होता. त्याच्या 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचे नाव प्रथम ऐकले ते वर्तमानपत्रातल्या एका लज्जास्पद बातमीत.

८ फेब्रुवारी २०१० रोजी कॅमेरा घेऊन काही माणसे त्यांच्या घरात घुसली आणि एका रिक्षाचालकासमवेत असलेल्या या साठी ओलांडलेल्या माणसाचे चित्रण त्यांनी केले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने त्यांना निलंबित केले, राहते घर सोडावयास सांगितले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. ते न्यायालयात गेले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. ७ एप्रिल रोजी ते आपल्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत आढळले.

येथे कायद्याची तारीखवार आठवण ठेवणे अगत्याचे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमातून प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध वगळले होते. म्हणजे ज्या रात्री सिरस यांचे दार ढकलले गेले त्या रात्री ते गुन्हेगार नव्हते. दार ढकलणारे मात्र होते. पुढे ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि २६ फेब्रुवारी २०१६ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तेच वर्तन पुन्हा गुन्हा ठरलेले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्या निकालाला ज्यांचे नाव आहे ते नवतेज जोहर भरतनाट्यम नर्तक आहेत, आणि 'खामोश पानी' या २००३ सालच्या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली आहे. नटाने आपले नाव न्यायालयाच्या दारात लिहून द्यावे, ही गोष्ट लहान नव्हे. ती का लहान नव्हे, हे पुढे येईलच.

चित्रपट म्हणून 'अलीगढ'चे मोठे यश त्याच्या मंद गतीत आहे. मनोज वाजपेयी यांनी उभा केलेला प्राध्यापक संध्याकाळी एकटाच पेला घेऊन बसतो आणि लता मंगेशकरांच्या जुन्या गाण्यात आपला स्वर मिसळतो. चेहऱ्यावर एक अर्धवट हसू, हात हवेत जरासा उचललेला. प्रसंग लांबतो. आपल्याला वाटते, आता काहीतरी घडेल. काहीच घडत नाही. एका माणसाचे एकटेपण बघण्याइतका वेळ आपल्याकडे आहे काय, एवढेच दिग्दर्शक जणू तपासून पाहतो. न्यायालयातील प्रसंगांत तर मौजच आहे. त्यांच्या चारित्र्यावर दोन्ही बाजूंचे वकील तावातावाने बोलत असता हे गृहस्थ आपल्याच कवितांच्या भाषांतरात गढलेले. जगाने त्यांच्याविषयी एक शब्द शोधून काढला आहे, आणि ते स्वतः दुसऱ्याच शब्दांच्या शोधात आहेत. तरुण वार्ताहर त्यांना त्यांच्या प्रवृत्तीचे इंग्रजी नाव घेऊन विचारतो तेव्हा त्यांना ते नावच मानवत नाही. आपली भावना तीन अक्षरांत मावत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. कवीची तक्रार ती हीच असणार.

वाजपेयी यांचा अभिनय उंच दर्जाचा आहे यात वाद नाही. २०१६ साली आशिया-पॅसिफिक चित्रपट पुरस्कारांत ते सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. परंतु चित्रपटाला एक उणेपण आहे आणि ते सांगितले पाहिजे. त्या रात्री त्या खोलीत दोन माणसे होती. एक प्राध्यापक आणि एक रिक्षाचालक. प्राध्यापकांना वकील मिळाले, वार्ताहर मिळाला, शेवटी चित्रपटही मिळाला. रिक्षाचालकाचे गुपितही त्याच क्षणी त्याच कॅमेऱ्याने हिरावून घेतले होते. त्याचे घर, त्याची वस्ती, त्याला रोज हाक मारणारी गिऱ्हाइके यांचे काय झाले असेल? दिग्दर्शक त्याला चार क्षण देतो आणि पुढे निघून जातो. गरिबाच्या अब्रूची किंमत या देशात पडद्यावरही कमीच लागते, असे म्हणावेसे वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा चित्रपट आला तेव्हा अनेक परीक्षणांत वाजपेयी यांच्या धैर्याची स्तुती झाली. विवाहित, संसारी नटाने समलिंगी पुरुषाची भूमिका केली, हे धैर्य. ही स्तुती वाचताना माझ्या मनात एक साधा प्रश्न येई. ज्या नटाची प्रवृत्ती खरोखरच तशी आहे, त्याच्या वाट्याला कोणती भूमिका येते? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. त्याला आयुष्यभर नायिकेच्या प्रियकराची भूमिका करावी लागते, आणि ती चित्रीकरण संपल्यावरही थांबत नाही. जो तसा नाही त्याने तसे दाखविले तर पुरस्कार. जो तसा आहे त्याने तसे सांगितले तर काम बंद. हा व्यवहार आपल्या पैशावर चालतो, कारण तिकीट आपण काढतो.

चित्रपटाचे लेखक अपूर्व असरानी यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितले की भाड्याचे घर मिळावे म्हणून ते आणि त्यांचा जोडीदार तेरा वर्षे शेजाऱ्यांना आपण चुलत-मावस भाऊ असल्याचे भासवीत राहिले. 'अलीगढ'मधील घर शोधण्याच्या दृश्यांना जी धार आहे ती कोठून आली असावी, ते यावरून कळते. मुंबईचेच निर्माते-दिग्दर्शक आणि अधूनमधून अभिनयही करणारे करण जोहर यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात लिहिले की आपण कोण आहोत हे सर्वांना ठाऊक आहे, पण ते शब्द आपण उच्चारणार नाही, कारण या देशात त्यासाठी तुरुंगात जावे लागू शकते. तेव्हा ते खरे होते. अशा प्रकटनाला मी अर्धे दार म्हणतो. दार उघडलेही नाही, लावलेही नाही. त्यावर कोणी भित्रेपणाचा शिक्का मारला, कोणी चलाखीचा. मला त्यात एका माणसाने आपल्या गुपितावरची मालकी राखून ठेवलेली दिसते. किती सांगायचे, कोणाला आणि केव्हा, हे ठरविण्याचा अधिकार त्याने सोडला नाही.

मालकी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. धर्मगुरूचे निम्मे काम गुपित राखण्याचे असते. पापनिवेदनात ऐकलेले मरेपर्यंत ओठांबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही शिस्त सेमिनरीत आमच्या अंगी बाणविली गेली. त्या मुद्रेचा अर्थ पुढे सेवाकार्यात उलगडत गेला. सांगणारा माणूस मोकळा व्हावा म्हणून ते मौन असते. गुपित त्याचेच राहते; आम्ही केवळ त्याचे राखणदार. याउलट दुसऱ्या एका प्रकारचे मौन आहे, ज्यात गुपित एकाचे असते आणि त्याचा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. चित्रपटसृष्टीने शंभर वर्षे जे मौन पाळले ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे.

हॉलिवूडचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे, कारण तेथील कागद आता उघडे झाले आहेत. विल्यम हेन्स हा मूकपटांच्या अखेरच्या काळातील लोकप्रिय नट. १९३३ च्या सुमारास स्टुडिओच्या मालकाने त्याला बजावले की सोबत्याला सोड आणि लग्न कर. त्याने अभिनय सोडला. पुढे घरांची अंतर्गत सजावट करून त्याने उत्तम पोट भरले आणि सोबत्याची साथ १९७३ मध्ये मरेपर्यंत दिली. असा एखादाच. रॉक हडसनने दुसरी वाट धरली. १९५५ साली त्याने आपल्याच व्यवस्थापकाच्या कचेरीतील सचिव स्त्रीशी विवाह केला. तीन वर्षांत तो मोडला. पडद्यावर तो अमेरिकेचा आदर्श पुरुष होता. २५ जुलै १९८५ रोजी त्याला एड्स झाल्याचे पॅरिसमध्ये जाहीर झाले, आणि २ ऑक्टोबरला तो वारला. त्याचे गुपित त्याने सांगितले नाही, स्टुडिओनेही सांगितले नाही. ते रोगाने सांगितले.

मात्र आपणा कॅथलिकांना ज्याची कथा अधिक जवळची वाटावी तो रामोन नोव्हारो. 'बेन-हर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १९५९ सालचा रंगीत चित्रपट येतो. त्यापूर्वी १९२५ मध्ये त्याच कथेवर मूकपट निघाला होता आणि त्यातील बेन-हर होता नोव्हारो. मेक्सिकोतील दुरांगो येथे १८९९ साली जन्मलेला, क्रांतीच्या धामधुमीत कुटुंबासह अमेरिकेत आलेला. घराणे इतके भाविक की त्याच्या काही बहिणी धर्मभगिनी झाल्या. तो स्वतःही श्रद्धावान होता. श्रद्धा आणि प्रवृत्ती यांचा मेळ त्याला आयुष्यभर घालता आला नाही; उतारवयात मद्याने त्याला घेरले. ३० ऑक्टोबर १९६८ रोजी घरात दडवलेल्या पैशांच्या आशेने आलेल्या दोघा भावांनी त्याला मारून मारून ठार केले. खटल्यात त्याचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आले आणि आरोपींच्या बचावासाठी मृताच्याच चारित्र्याचा उपयोग करण्याचा प्रयत्न झाला. ज्याने हयातभर एक शब्द उच्चारला नाही, त्याचे गुपित अखेर त्याच्या मारेकऱ्यांच्या वकिलांनी बोलून दाखवले. अलीगढची ती खोली आणि लॉस एंजलिसचे ते घर यांच्यामध्ये बेचाळीस वर्षे आहेत, रीत एकच.

टॅब हंटर या नटाचे निवेदन मला एका धर्मगुरूच्या नात्याने अस्वस्थ करते. पन्नासच्या दशकातील हा गोरागोमटा तरुण नायक. १९५५ साली एका बदनामखोर मासिकाने त्याची जुनी अटक छापून काढली. आपल्याविषयीचे सत्य त्याने स्वतः सांगितले ते २००५ साली, चौऱ्याहत्तरीच्या घरात, आत्मचरित्र लिहून. त्यात एक आठवण आहे. तरुण वयात तो पापनिवेदनाला गेला आणि धर्मगुरूने त्याची अशी निर्भर्त्सना केली की तो तेथून निघाला तो पुढे बरीच वर्षे चर्चमध्ये फिरकला नाही. नंतर तो परतला. २०१८ साली वारला तोवर तो स्वतःला कॅथलिक म्हणवीत असे. जे स्थान गुपित सांगण्यासाठीच निर्माण केले आहे तेथे सांगितल्यावर जर असे घडत असेल, तर माणसाने स्टुडिओच्या प्रसिद्धी-विभागाचा आश्रय घेतला म्हणून त्याला दोष कसा द्यावा?

ख्रिस्तसभेची शुद्धतेविषयीची शिकवण बदललेली नाही, आणि ती सौम्य करून सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. पण त्याच धर्मशिक्षण-ग्रंथात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे व त्यांच्याबाबत कोणताही अन्याय्य भेदभाव करू नये असेही सांगितले आहे. ते कलम आपण कमी वेळा वाचतो. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशिअस यांनी स्पष्ट केले होते की ख्रिस्तसभा समलिंगी विवाहाला मान्यता देत नाही, परंतु अशा माणसांना तिने कधी गुन्हेगार मानलेले नाही. याहून कमी चर्चिलेली गोष्ट आठव्या आज्ञेत आहे. 'खोटी साक्ष देऊ नको' एवढ्यापुरतीच आपण ती आज्ञा समजतो. नीतिशास्त्राच्या वर्गात मात्र आम्हाला दोन पापे वेगळी करून शिकविली जातात. खोटा आळ घेणे हे एक. दुसरे म्हणजे दुसऱ्याची खरी असलेली, पण इतरांना अज्ञात असलेली उणीव सबळ कारण नसता उघड करणे. संत थॉमस अक्वायनस यांनी या परनिंदेचा स्वतंत्र विचार केला आहे. म्हणजे सांगितलेली गोष्ट खरी आहे, एवढ्याने सांगणारा निर्दोष ठरत नाही. अलीगढमध्ये घुसलेल्या माणसांनी एकही खोटे चित्र टिपले नव्हते. नटनट्यांच्या भानगडी रंगवून छापणारी मासिकेही पुष्कळदा खरेच छापीत असतील. तांदूळ निवडताना, विहिरीवर, मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण जे बोलतो तेही खरे असू शकते.

आणि मराठी रंगभूमी? आपण मराठी माणसे या विषयात एका विलक्षण वारशाचे धनी आहोत. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व यांना स्त्रीवेषात पाहून एका पिढीतील घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. इकडे विदर्भात दंडार आणि खडी गंमत यांत बाईचे सोंग पुरुषच घेत आले. पुरुषाने स्त्री व्हावे याची आपल्याला मुळीच अडचण नव्हती, जोवर तो घरी जाऊन पागोटे घालीत होता. वेष चालत होता. वेषाखाली दुसरे काही असेल, ही शंका मात्र चालत नव्हती.

ही शंका हाच रवी जाधव यांच्या 'नटरंग'चा विषय आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरील हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. पैलवानी देहाचा शेतमजूर गुणा तमाशाचा फड उभारतो, नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो, आणि मग गाव, घर, बाप, बायको सारे त्याला दुरावतात. अतुल कुलकर्णी यांनी देह अक्षरशः बदलून ही भूमिका केली. साऱ्या महाराष्ट्राने डोळे पुसले. पण चित्रपट पहिल्यापासून आपल्याला एक हमी देत असतो की गुणा 'तसा' नाही. त्याला बायको आहे, मुलगा आहे, नर्तकीवर त्याचे मन आहे. अन्याय हा, की जो तसा नाही त्याला लोक तसा समजतात. मग जो खरोखरच तसा असेल त्याच्यासाठी आपले अश्रू आहेत काय? हा प्रश्न 'नटरंग' विचारीत नाही. त्याला तो विचारायचा नव्हता, हे मी मान्य करतो. परंतु तो चित्रपट महाराष्ट्रात गर्दी खेचीत होता त्याच हिवाळ्यात, प्रदर्शनानंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांत, अलीगढला एका मराठी प्राध्यापकाचे दार ढकलले गेले.

विजय तेंडुलकर यांनी तो प्रश्न कितीतरी आधी विचारला होता. 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली आले. महाविद्यालयातील नाटकात पुरुषाची भूमिका करताना सुमित्रेला, म्हणजे मित्राला, उमगते की समोरच्या मुलीविषयी आपल्या मनात जे आहे तो अभिनय नाही. ज्या रंगमंचावर इतरांचे खरे चेहरे झाकले जातात तेथेच हिचा चेहरा उघडा पडतो. तेंडुलकरांनी योजलेले हे स्थान अचूक आहे. पुढे मात्र नाटक मित्राला जगू देत नाही. ती आत्महत्या करते. याबद्दल माझी तक्रार आहे. मित्रा मेली की प्रेक्षकाला तिच्याविषयी निश्चिंतपणे हळहळता येते, तिच्याबरोबर राहण्याचा प्रश्न उरत नाही. मित्रा ही भूमिका केली रोहिणी हट्टंगडी यांनी. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा म्हणून जगभर पोहोचल्या.

त्याच 'गांधी'त लॉर्ड आयर्विनच्या लहानशा भूमिकेत एक वृद्ध इंग्रज नट आहे, सर जॉन गिलगुड. १९५३ च्या ऑक्टोबरात, सर ही पदवी मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, लंडनमध्ये त्यांना याच कारणावरून अटक झाली होती. न्यायालयाने दहा पौंड दंड केला आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. काही दिवसांनी लिव्हरपूलला नाटकाचा प्रयोग होता. गिलगुड रंगमंचावर जाण्यास धजेनात. सहनटी सिबिल थॉर्नडाइक त्यांना सोबत घेऊन रंगमंचावर आल्या आणि प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ती सारी मंडळी काही पुरोगामी विचारवंत नव्हती. लिव्हरपूल हे गोदी-कामगारांचे, आयरिश कॅथलिकांचे शहर. ज्या नटाने आपल्याला इतकी वर्षे इतके दिले त्याची शिकार होत आहे, एवढेच त्यांना कळले असावे. गिलगुड यांनी पुढे आयुष्यभर या विषयावर जाहीर शब्द काढला नाही, आणि तो त्यांचा अधिकार होता.

धर्मग्रामातील कुटुंबांना हा विषय दूरचा वाटेल. मुंबईचे नट, हॉलिवूडचे स्टुडिओ, आपला काय संबंध? तेव्हा एका गोष्टीपुरता तरी तो जवळ आणतो. स्टुडिओचे मालक नटाला जो उपाय सुचवीत तोच आपल्या घरांतून सुचविला जातो: लग्न करून टाका, सारे ठीक होईल. अमोल पालेकर यांच्या २००६ सालच्या 'थांग' या चित्रपटाने या उपायाचा हिशेब पत्नीच्या बाजूने मांडला. नवऱ्याचे गुपित अकस्मात समोर आलेली ही स्त्री वकील आहे, सुशिक्षित आहे, तिला मूल आहे, आणि एका दुपारी तिच्या संसाराची सारी वर्षे तिला परकी होतात. मृणाल कुलकर्णी यांनी तो राग आणि ती नामुष्की संयमाने दाखविली आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध थोडा चर्चेच्या अंगाने जातो, माणसांऐवजी मुद्दे बोलू लागतात. तरी विवाहपूर्व मार्गदर्शन करणाऱ्या माझ्यासारख्यांनी तो पाहावा. आपल्या धर्मविधी-संहितेच्या १०९८ व्या नियमानुसार वैवाहिक सहजीवनाला गंभीर बाधा आणील असा गुण कपटाने दडवून संमती मिळविली असेल तर तो विवाहच अवैध ठरतो. मुलाच्या मनाविरुद्ध, मुलीच्या अज्ञानात, आईबापांच्या अब्रूसाठी वेदीपुढे उभे केलेले जोडपे पाहताना मला हा नियम आठवतो. गुपित त्या मुलाचे. त्याची किंमत मोजणार कोणाची तरी मुलगी. आणि लाभ, म्हणजे गावातली मान, तिसऱ्यांना.

चित्रपटातील सिरस यांच्यासमोर हा मार्ग उरलेला नव्हता. मनोज वाजपेयी त्यांना जे वय देतात ते मला फार खरे वाटले: अंगावर शाल, पायांत मोजे, कुलूप दोनदा ओढून बघण्याची सवय लागलेला माणूस. तरुण वार्ताहराबरोबर नावेत बसून ते कवितेविषयी बोलू लागतात तेव्हा प्रथमच चेहरा सैल होतो. आपल्या भाषेविषयी, आपल्या ओळींविषयी कोणी विचारले आहे, आपल्या शयनगृहाविषयी नव्हे, याचा तो आनंद असतो.

त्या ओळी मला मूळ मराठीतून वाचायच्या आहेत. नागपूर आणि अमरावतीच्या पुस्तकांच्या दुकानांत 'पायाखालची हिरवळ' विचारून पाहिले, मिळाले नाही. एका दुकानदाराने शेतीच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवले. कुणा वाचकाच्या घरी किंवा शाळेच्या ग्रंथालयात प्रत असल्यास संपादकांमार्फत जरूर कळवावे. नेऊन वाचीन आणि धडपणे परत करीन.